मळवलीच्या रविवर्मा-छापखान्यांतील चित्रें आणि निसर्ग

राजा रविवर्मा यांचा मुंबईंत १८९४ सालीं निघालेला शिळाछापखाना १८९९ सालीं लोणावळ्याजवळ मळवलीस आला. तेथून निघालेल्या चित्रांतील निसर्गाचें मोल ठरवितांना शेजारच्या भाजें लेण्याचें स्मरण ठेवावें. तेथील विहारांत शिल्पकाराचा हत्ती झाड उपटतो; माणसें त्यापुढें चिमुकलीं दिसतात. रविवर्म्यांच्या लक्ष्मीच्या चित्रांत तोच गज पाण्यांत उभा राहून माळ अर्पितो. कमळ, हंस, मोर हीं येथें देवतांचीं लक्षणें होत. निसर्ग मनुष्याकृतीचा परिवार होऊन बसला आहे. लक्ष्मीचें मूळ चित्र अन्यत्र रंगविलेलें, हें खरें. तरी लोहगड-विसापूरच्या छायेंत छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या पाठीमागें मावळचा पाऊस वा भातखाचरें नसावींत, हें आमच्या मतें उणेंच होय. तथापि रंगागणिक निराळा दगड वापरून छापलेलें हें पाणी व आकाश अनेक साध्या घरांच्या भिंतींवर पोंचलें, हें यश थोडें नव्हे.

१९७२ सालच्या आगींत छापखाना नष्ट झाला. यास्तव संग्राहकांनीं चौकटीसाठीं चित्राचा समास कापूं नये. छापखान्याचें व गांवाचें नांव बहुधा त्यांतच असतें. तें गेलें कीं चित्र राहतें, पण पुरावा जातो.