वारसा म्हणजे नेमके काय? ‘आएगा आनेवाला’ आणि खेमचंद प्रकाश

प्रस्तावना

लोकप्रिय संगीतकारांची जयंती, पुण्यतिथी किंवा जन्मशताब्दी आली की बहुतेक महाविद्यालयांत एक कार्यक्रम होतो. मंचावर हार घातलेला फोटो असतो, निवेदक ‘अजरामर’, ‘सुरांचे दैवत’ असे शब्द वापरतो आणि कराओकेच्या तयार ट्रॅकवर विद्यार्थी मूळ आवाजाच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन गातात. यात प्रेम असते, मेहनतही असते. पण अशा कार्यक्रमातून त्या कलावंताचा वारसा काय होता हे बहुधा कळत नाही. कळते ते एवढेच, की तो कलावंत अजून आपल्याला आवडतो.

आवड आणि वारसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या पाठात तो फरक एका गाण्याच्या आधाराने तपासू. गाणे आहे १९४९ च्या ‘महल’ या चित्रपटातले ‘आएगा आनेवाला’. ते गायले लता मंगेशकर यांनी, लिहिले नख्शब जारचवी यांनी आणि स्वरबद्ध केले खेमचंद प्रकाश यांनी. पहिले नाव देशभर ठाऊक आहे. उरलेली दोन, त्यातही संगीतकाराचे, आज फार थोड्या जणांच्या ओठांवर येते. खेमचंद प्रकाश याच राजस्थानचे. १९०७ साली सुजानगढला त्यांचा जन्म झाला. वडील जयपूर दरबारात गायक होते आणि त्यांचे स्वतःचे शिक्षणही त्याच परंपरेत झाले. तरीही जयपूरच्या वर्गात हे नाव घेतले तर ओळख पटवून द्यावी लागते. म्हणून हेच उदाहरण घेतले आहे.

वारसा मोजण्याच्या चुकीच्या पट्ट्या

पहिली चुकीची पट्टी आकड्यांची. गिनेसच्या विक्रमपुस्तकात १९७४ च्या सुमारास लता मंगेशकर यांच्या नावावर किमान पंचवीस हजार गाण्यांची नोंद झाली. महंमद रफी यांनी तिला आक्षेप घेतला. पुढे गाण्यांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकांनीही हा आकडा बराच फुगलेला असल्याचे दाखवले आणि कालांतराने ती नोंद पुस्तकातून गेली. त्यामुळे लताबाईंचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. म्हणजेच ते त्या आकड्यावर उभे नव्हते.

दुसरी चुकीची पट्टी नकलेची. ‘हुबेहूब आवाज’ ही आपल्याकडे मोठी दाद मानली जाते. पण इतिहास उलट सांगतो. किशोरकुमार यांना एकट्याने गायची पहिली संधी १९४८ च्या ‘जिद्दी’ चित्रपटात मिळाली. संगीतकार खेमचंद प्रकाशच होते. ते गाणे किशोरकुमार सैगल यांच्या ढंगात गायले आहेत. लताबाईंच्या सुरुवातीच्या गाण्यांवर नूरजहाँ यांची छाप जाणकारांना ऐकू येते. दोघेही पुढे मोठे झाले ते त्या छापेतून बाहेर पडल्यावर. शिकताना नक्कल लागते, पण वारसदार कोण हे तिच्यावरून ठरत नाही.

मग पट्टी कोणती? मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. या कामानंतर असे काय शक्य झाले, जे आधी शक्य नव्हते किंवा कोणाला सुचले नव्हते? ते काम करणारे हात कोणाकोणाचे होते? आणि या कामाने काय मागे सारले? तिसरा प्रश्न कार्यक्रमात कोणी विचारत नाही. समीक्षेने तो विचारलाच पाहिजे.

पहिला प्रश्न : काय शक्य झाले?

‘महल’ हा कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, बॉम्बे टॉकीजची निर्मिती. जुन्या हवेलीत आलेल्या नायकाला, म्हणजे अशोककुमारला, एका न दिसणाऱ्या स्त्रीचा आवाज ऐकू येतो. ती भूमिका मधुबालाची. कथेची अट अशी, की आवाज आधी दुरून यावा आणि मग जवळ यावा. तो कुठून येतो हे नायकाला कळू नये, पण ओढ मात्र लागावी.

आज हे काम संगणकावर काही मिनिटांत होते. त्या काळी आपल्याकडे गायक आणि वादक एकत्रच, एका दमात ध्वनिमुद्रण करत. नंतर वेगवेगळे आवाज मिसळून अंतराचा भास तयार करण्याची सोय नव्हती. लताबाईंनी मुलाखतींत सांगितलेली आठवण अशी : माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता. त्यांनी कोपऱ्यातून गायला सुरुवात करायची, गात गात एकेक पाऊल पुढे यायचे आणि मुखडा सुरू होताना बरोबर माइकपाशी पोहोचायचे.

यामागचे भौतिकशास्त्र समजून घेणे उपयोगाचे आहे. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. समजा गायिका १६ फुटांवरून १ फुटावर आली. हे अंतर चार वेळा निम्मे झाले, म्हणून थेट पोहोचणारा आवाज सुमारे २४ डेसिबेलने वाढला. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत, त्या स्टुडिओचे माप नव्हे.) पण बंद खोलीत दुसरा आवाजही असतो. भिंतींवरून परतून आलेला हा घुमारा खोलीभर जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे गायिका दूर असताना माइकला थेट आवाज कमी आणि घुमारा तुलनेने जास्त मिळतो. ती जवळ आली की थेट आवाज घुमाऱ्यावर मात करतो. आपला कान अंतर ओळखतो तो बऱ्याच अंशी या दोहोंच्या प्रमाणावरून, नुसत्या मोठे-लहानपणावरून नाही. म्हणूनच माइकसमोर उभे राहून हळू गायले तर आवाज ‘हळू’ वाटतो, ‘दूर’ वाटत नाही.

या युक्तीचे कौतुक केवळ हिकमत म्हणून करू नये. आलापासारखा, ठेक्याविना चालणारा तो सुरुवातीचा भाग आणि मग ठेक्यात येणारा मुखडा ही संगीताची रचना आहे. दूर आणि जवळ ही जागेची रचना आहे. या गाण्यात दोन्ही एकमेकींत बसवल्या आहेत. सूर ठेक्यात स्थिरावतो त्याच क्षणी आवाज आपल्याजवळ येतो. म्हणजे अंतर हाच इथे स्वररचनेचा एक भाग झाला आहे. पुढे हिंदी चित्रपटांत धुके, पडका वाडा आणि दुरून येणारी तान हा ठरलेला संकेत बनला. तो इतका रुळला, की त्याची सुरुवात कोणी तरी विचार करून केली होती हेही आपण विसरलो. खरा वारसा पुष्कळदा असा नाव गमावून टिकतो.

दुसरा प्रश्न : हात कोणाचे?

‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून सुरुवातीला नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे वाजू लागल्यावर श्रोत्यांनी ही कामिनी कोण अशी विचारणा सुरू केली. मग कंपनीकडून खरे नाव मिळवून ते रेडिओवर सांगितले गेले. विशीतल्या लता मंगेशकर यांचे नाव घरोघरी पोहोचण्यात या प्रसंगाचा वाटा आहे.

पार्श्वगायकांच्या श्रेयासाठी लताबाई पुढेही ठाम राहिल्या. फिल्मफेअर पुरस्कारांत संगीतकाराला पुरस्कार होता, गायकाला नव्हता. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा त्यातले गाणे सोहळ्यात गायला त्यांनी नकार दिला. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच ‘मधुमती’साठी मिळाला. तो पुढच्या प्रत्येक गायकासाठी होता, म्हणून हाही वारसाच.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट आठवेल. १९६० च्या दशकात काही मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले गेले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ हे ते चित्रपट. आनंदघन म्हणजे लताबाईच, हे ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा उघड झाले. एकीकडे इतरांनी लादलेले ‘कामिनी’ आणि दुसरीकडे स्वतः निवडलेले ‘आनंदघन’. नाव झाकले जाणे आणि नाव झाकून घेणे यात अधिकाराचा फरक आहे. नाव झाकून घेण्याची चैन ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्यालाच परवडते.

खेमचंद प्रकाश यांच्या वाट्याला अशी निवड आली नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधला काळ, मुंबईत रणजित मूव्हीटोन, सैगल आणि खुर्शीद यांचा ‘तानसेन’ (१९४३), मग बॉम्बे टॉकीज असा त्यांचा प्रवास. नौशाद यांनी उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्या हाताखाली काम केले होते. ‘महल’ १९४९ मध्ये आला आणि ऑगस्ट १९५० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते गेले. गाण्याची कीर्ती वाढत गेली आणि ती वाटून घ्यायला संगीतकार उरला नाही. दुरून जवळ येणारा तो आवाज आजही ऐकू येतो. तो स्वरांत बांधणारा माणूस मात्र ऐकणाऱ्यांच्या नजरेआड राहिला.

श्रेय म्हणजे केवळ मान नव्हे, पैसाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेले तर गीतकार आणि संगीतकार यांना मानधनात समान वाटा मिळावा आणि तो हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद झाली. आता हिशेब करा. संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ही मुदत पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. १९५० मध्ये गेलेल्या संगीतकाराच्या बाबतीत ती २०१० च्या अखेरीस संपली. न्याय देणारा कायदा आला तेव्हा या रचना त्याच्या कक्षेबाहेर गेल्या होत्या. आपण दर पुण्यतिथीला ‘अमर’ म्हणतो, तेव्हा हा हिशेबही समोर असावा.

तिसरा प्रश्न : काय मागे पडले?

‘महल’ची सगळी गाणी एकामागून एक ऐकली तर एक गोष्ट लगेच जाणवते. त्यात राजकुमारी आणि जोहराबाई अंबालेवाली यांचेही आवाज आहेत. हे आवाज भरीव आहेत, त्यांना मैफलीची धग आहे. शेजारीच लताबाईंचा बारीक, उंच, तीरासारखा सरळ आवाज आहे. म्हणजे एकाच चित्रपटात हिंदी गाण्याचे दोन काळ शेजारी बसलेले दिसतात.

पुढच्या दहा वर्षांत दुसरा काळ जिंकला. नायिकेचा आवाज म्हणजे लताबाईंसारखा, हे समीकरण निर्मात्यांच्या आणि श्रोत्यांच्या मनात पक्के झाले. राजकुमारी, जोहराबाई, अमीरबाई कर्नाटकी असे आवाज मागे पडले. ही लताबाईंची चूक नव्हती. त्यांनी जे दिले ते असामान्य होते, आणि बदलत्या माइकला व बदलत्या नायिकेला तो आवाज शोभला. पण स्त्रीचा चित्रपटातला आवाज एकाच जातीचा असावा अशी सवय आपल्या कानांना लागली, हीसुद्धा या यशाची किंमत आहे. ती सांगितल्याने आदर कमी होत नाही. जो वारसा तपासायची भीती वाटते, त्याची फक्त पूजा होते. तो पुढे चालत नाही.

समारोप

एकच गाणे घेतले तरी वारशाचे चित्र बदलते. ‘एक अजरामर आवाज’ या वाक्याऐवजी आपल्यासमोर येतो दरबारी संस्कारातून आलेला एक संगीतकार, एक गीतकार, कोपऱ्यातून चालत येणारी विशीतली गायिका, एक माइक, एक खोली, दुसऱ्याच नावाची तबकडी आणि उशिरा आलेला कायदा. हे चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे, पण त्यातून पुढच्या माणसाला काही करता येते. आवाज उसना घेता येत नाही. पद्धत घेता येते, आणि श्रेय देण्याची सवयही घेता येते.

म्हणून पुढच्या वेळी महाविद्यालयात असा कार्यक्रम ठरेल तेव्हा थोडा बदल करून पाहा. प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे सांगा, शक्य असेल तर वादकांची आणि ध्वनिमुद्रकाचीही. एखादे गाणे तरी कराओकेशिवाय, स्वतः साथ बसवून करा.

स्वाध्याय

१. रिकाम्या वर्गाच्या मध्यभागी मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करा. आधी माइकजवळ उभे राहून हळू गा, नंतर कोपऱ्यातून नेहमीच्या आवाजात गा. दोन्ही ऐकून फरक लिहा आणि घुमाऱ्याच्या आधारे त्याचे कारण सांगा.

२. ‘महल’मधले लता मंगेशकर यांचे एक आणि राजकुमारी यांचे एक गाणे ऐका. आवाजाची जात, शब्दफेक आणि साथ या तीन मुद्द्यांवर तुलना करा. कोणते चांगले हे ठरवू नका. कोणते कशासाठी योग्य, ते लिहा.

३. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या दिवंगत लोकप्रिय संगीतकाराला या पाठातले तीन प्रश्न लावून पाहा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळू नका.