एका प्रयोगात संपणारी नाटकं

राज्य नाट्यस्पर्धेसाठी नांदेडचे हौशी कलाकार नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात. प्राथमिक फेरीचा एक प्रयोग होतो आणि बहुतेक नाटकं तिथंच संपतात. एकदाच चालवलेल्या कोडला आम्ही इंजिनिअर तयार म्हणत नाही.

नांदेडच्याच दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ बघा. आंबेडकरी चळवळीतले जुने काका, प्राध्यापक सतीश, बंडखोर अर्जुन एकाच घरात भांडतात आणि लेखक कुणालाच पूर्ण बरोबर ठरवत नाही. संवाद अधूनमधून भाषणाकडे झुकतात, हे खरं. पण त्याला महागडा सेट लागत नाही. लातूरच्या एखाद्या कॉलेजच्या वर्गातही ते उभं राहील.

निकाल परीक्षक देतात. दुसरा प्रयोग होणार का, हे मात्र आपल्या तिकिटावर ठरतं.