सोवळे न पाळणारे पुस्तक

माझ्या नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण मी गेल्या सहा वर्षांत अकरा वेळा लिहिले. दुसरे अजून जन्माला यायचे आहे. पोरांच्या वह्या तपासून तपासून हाताला अशी खोड जडली आहे की, शाई वाळायच्या आत मी स्वतःच्याच वाक्यावर काट मारतो. त्यात माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कोणी विद्वान हसेल ही धास्ती वेगळीच. अशा मनःस्थितीत गणपतीच्या सुटीत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतली.

आरंभीच त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची भीती शिरली ती कायमची. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून वापरायचा नाही, मग घरच्यांचे कितीही हाल होवोत. पूर्वी मी हे विनोद म्हणून वाचले होते. या खेपेस हसू अर्ध्यावरच थांबले. माझे तरी दुसरे काय चालले होते? शब्द धुवायचा, वाळत घालायचा, पुन्हा धुवायचा. स्वयंपाक मात्र व्हायचाच नाही!

आणि त्याच घरातल्या मुलीने हे पुस्तक लिहिले. शाळा न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने अक्षरे गिरवलेल्या या बाई. पहिला भाग निघाला १९३४ साली, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. एक आठवण दुसरीला ओढून आणते, पुढचे मागे होते. त्याबद्दल त्या माफी मागत बसत नाहीत. ओटीवर बसून सांगावे तसे सांगत सुटतात. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला ते पटत नाही. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केले, तेव्हाचा त्यांचा आकांत पाहा. राग, हट्ट, नवऱ्यावरची माया, सगळे एकाच ताटात वाढलेले. सफाईने लिहिणाऱ्याने यातले काहीतरी आधी पुसले असते. बहुधा राग, नाहीतर स्वतःची फजिती. मग टिळक एक तर संत उरले असते, नाहीतर खलपुरुष. इथे ते माणूस आहेत.

दोष आहेतच. पुढेपुढे माणसांची इतकी गर्दी होते की कोण कोणाचा हे ध्यानात राहत नाही. पण ती गर्दी निवडत बसत्या, तर पुस्तक आपल्या हाती आलेच नसते. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. तेही पुरे केले लक्ष्मीबाईंनीच.

अनंतचतुर्दशीच्या रात्री मी बाराव्यांदा पहिले प्रकरण उघडले, तसेच मिटले आणि दुसऱ्याला हात घातला. आतापर्यंत नऊ पाने झाली आहेत. तिसरे पान वाईट उतरले आहे. ते तसेच ठेवले आहे.