भोपळ्याचं भूत आणि गाजरांचा कट

हॅलोविनच्या बालकथांत हल्ली भोपळे उदंड आणि भुतं नावापुरती. ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी टेबलं नारिंगी होतात. भोपळ्याला, बीला, द्राक्षाला हातपाय फुटतात. चित्रं देखणी असतात. पण वाचून पोर पांघरुणात शिरेल अशी गोष्ट हुडकावी लागते.

मूळ मात्र चांगलंच भेसूर आहे. आयर्लंडमध्ये या रात्री सलगम कोरायचे. डोनेगलकडच्या अशा एका सलगमचा प्लास्टरचा ठसा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: खोबणीत गेलेले डोळे, विचकलेले दात, सुकलेल्या मढ्यासारखा चेहरा. स्थलांतरितांना अमेरिकेत मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि भूत गुटगुटीत झालं.

तरीही भोपळ्याचं पात्र करून काय साधता येतं, हे एल. फ्रँक बॉमला नेमकं कळलं होतं. १९०४च्या ‘द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ’मधला जॅक पम्पकिनहेड म्हणजे लाकडी अंगावर भोपळ्याचं डोकं. टिप नावाच्या मुलाने तो बनवला मॉम्बी म्हातारीला घाबरवायला; पण जिवंत झाल्यावर घाबरून असतो तो स्वतःच. डोकं नासलं तर काय, हा एकच घोर! पुढे ‘द रोड टु ऑझ’मध्ये (१९०९) तो भोपळ्यांची शेती करतो, नवं डोकं बसवतो आणि जुनी डोकी रीतसर पुरतो. स्वतःच्याच डोक्यांची दफनभूमी राखणारा माणूस, तोही मुलांच्या पुस्तकात, हसतखेळत. खाण्याची वस्तू नासते, कापली जाते, खाल्ली जाते. तिच्या गोष्टीतली भीती इथूनच यायला हवी.

आजचे लेखक नेमकं तेच टाळतात. जो ट्रोयानोचा चौकोनी भोपळा स्पूकली वादळात सगळ्यांना वाचवतो आणि त्याला हिणवणारे गप्प होतात. जोरी जॉन आणि पीट ओस्वाल्ड यांच्या २०२१च्या पुस्तकात ‘बॅड सीड’ला मनासारखा पोशाख मिळत नाही, म्हणून तो हॅलोविनच पुढे ढकलायला निघतो. गोड आहे, पण बीच्या जागी शाळकरी मुलगा ठेवला तरी काही बिघडत नाही. ल्यूसी रूथ कमिन्सचं ‘स्टम्पकिन’ (२०१८) याहून सरस. देठ नसलेला भोपळा दुकानात एकटा उरतो, ते पाहून खरोखर गलबलतं. मात्र त्याची इच्छा काय, तर आपल्याला कोरावं! कोरणं म्हणजे आधी सुरीने पोट रिकामं करणं, याकडे पुस्तक वळूनही बघत नाही. आपल्या म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा निदान वाहन होता; त्याला मनच नव्हतं. मन दिलंत, तर सुरीचं काय करायचं तेही ठरवायला हवं.

ॲरन रेनॉल्ड्सने ते ठरवलं. ‘क्रीपी कॅरट्स!’ (२०१२) मधला जास्पर ससा क्रॅकनहॉपरच्या शेतातली गाजरं येता-जाता उपटून खातो. मग तीच मागे लागतात. पीटर ब्राउनची चित्रं जुन्या कृष्णधवल भयपटासारखी, रंग एकच, नारिंगी. न्हाणीघराच्या आरशात गाजरं दिसतात. वळून पाहावं तर तिथल्याच नारिंगी वस्तू. म्हणजे भास, असं वाचक ठरवून टाकतो. शेवटी जास्पर शेताभोवती उंच कुंपण घालतो, मगरींचा खंदक खणतो, आणि आत गाजरं जल्लोष करतात. त्यांना तेच हवं होतं! या चित्रांना २०१३चा कॅल्डेकॉट ऑनर मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्टीची बांधणी: इथे खाणारा घाबरतो, कारण त्याने खाल्लेलं आहे.

या जोडगोळीने जास्परला पुढे २०१७मध्ये भुताळी चड्डी दिली, २०२२मध्ये भुताळी रंगखडू. चड्डी फर्मास हसवते. पण तिला कोणी खाल्लेलं नसतं, आणि सशाच्या मानगुटीवर गाजरं ज्या हक्काने बसली तो हक्क चड्डीला नाही.