दिसणे वेगळे, टिपणे वेगळे

रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही जे दिसते, त्यात खाजगी ते काय? रस्त्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकीय नकाशाला जोडण्याच्या उद्योगाचे समर्थन बहुधा या एका प्रश्नावर उभे असते. प्रश्न ऐकताक्षणी पटतो. आम्हाला मात्र हा युक्तिवाद लंगडा वाटतो. त्यातील उणीव दाखवायला शालेय भूमिती आणि थोडे भौतिकशास्त्र पुरेसे आहे, म्हणून तो शिक्षकांपुढे तपासणीसाठी ठेवत आहोत.

गूगलची 'स्ट्रीट व्ह्यू' सेवा मे २००७ मध्ये अमेरिकेतील पाच शहरांत सुरू झाली. मोटारीच्या टपावर खांब आणि त्यावर चहूकडे रोखलेले कॅमेरे, अशी ही रचना. तिची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. परगावचा पत्ता शोधणाऱ्याला, दारात पायऱ्या आहेत की उतार हे आधी पाहू इच्छिणाऱ्या चाकाच्या खुर्चीवरील माणसाला, भूगोलाच्या तासाला, अशी सोय पूर्वी नव्हती.

परंतु माणसाला दिसते तेच कॅमेऱ्याला दिसते का? समजा, कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर १.८ मीटर उंचीची कुंपणभिंत आहे. पायी जाणाऱ्याचे डोळे साधारण दीड मीटरवर असतात. त्याला भिंतीमागचे अंगण दिसत नाही. जपानमध्ये या गाड्यांचे कॅमेरे २.४५ मीटर उंचीवर होते. तेथून निघालेली दृष्टिरेषा भिंतीच्या माथ्याला स्पर्श करून पलीकडे सुमारे ११ मीटरवर जमिनीला टेकते, आणि त्यापुढचे सारे अंगण उघडे पडते. तक्रारी झाल्यावर २००९ मध्ये गूगलने कॅमेरे ४० सेंटिमीटरने खाली आणून १२ शहरांची छायाचित्रे पुन्हा घेण्याचे मान्य केले. २.०५ मीटरवरून हेच अंतर सुमारे २९ मीटर होते. समरूप त्रिकोणांचे हे उदाहरण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज सोडवता येईल.

दुसरा मुद्दा नोंदीचा. वाटसरू पाहतो आणि विसरतो. छायाचित्र टिकते, पत्ता टाकून शोधता येते, आणि हजारो मैलांवरचा अनोळखी माणूस ते हवे तितक्या वेळा पाहू शकतो. यावर उपाय म्हणून २००८ पासून चेहरे आपोआप धूसर करण्यास सुरुवात झाली. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सुमारे ९९ टक्के चेहरे धूसर होणे पुरेसे मानले. मात्र शाळा, रुग्णालये, तुरुंग अशा ठिकाणी संपूर्ण अनामिकतेची अट घातली. टक्केवारीचा अर्थ मुलांना विचारून पाहावा. एक लाख चेहऱ्यांतील एक टक्का म्हणजे एक हजार माणसे. शिवाय चेहरा पुसला तरी चालण्याची ढब, साडी, सायकल आणि मागचे दार यांवरून शेजारी माणूस ओळखतोच.

जर्मनीचा अनुभव अधिक बोलका आहे. २०१० मध्ये तेथील २० शहरांत रहिवाशांना आपले घर धूसर करून घेण्याची मुभा मिळाली. २ लाख ४४ हजारांहून अधिक कुटुंबांनी, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांनी, तशी मागणी केली. झाले असे की धूसर घरच नजरेत भरू लागले. एसेन शहरात अशा काही घरांवर अंडी फेकण्यात आली. पुढे २०२३ मध्ये नवी छायाचित्रे आली, तेव्हा जुन्या मागण्या रद्द ठरल्या आणि अर्ज नव्याने करावे लागले. छायाचित्र घेणारा एक आणि नकार कळवायचा मात्र लाखोंनी, तोही पुन्हा पुन्हा. ही व्यवस्था आम्हाला न्याय्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट कोणत्याही वाटसरूच्या डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. घरोघरचे वाय-फाय राऊटर आपले नाव व ओळखक्रमांक सेकंदाला साधारण दहा वेळा प्रसारित करतात. कोठे कोणते संकेत मिळतात याची यादी असली, की उपग्रहाचे संदेश न पोचणाऱ्या जागीही फोनला आपले स्थान कळते. गाड्या हे संकेत टिपत होत्या. जर्मन अधिकाऱ्यांनी तपासणीचा आग्रह धरल्यावर मे २०१० मध्ये गूगलने कबूल केले, की पासवर्डचे संरक्षण नसलेल्या जोडण्यांवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही ३० हून अधिक देशांत 'चुकून' नोंदले गेले. त्यांत काही संपूर्ण ई-मेल व पासवर्ड असल्याचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य झाले. म्हणजे लोक खिडकीच्या चित्रावर वाद घालत असताना घरातील पत्रव्यवहार बाहेर जात होता.

भारतात २०११ मध्ये बंगळूरला सुरू झालेले हे काम पोलिसांनी सुरक्षेच्या कारणावरून थांबवले. जुलै २०२२ मध्ये ही सेवा भारतीय कंपन्यांच्या भागीदारीत दहा शहरांत आली. मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही त्यांतील चार. आपल्याकडे चर्चा झाली ती प्रामुख्याने लष्करी तळ व सरकारी इमारतींची. चाळीच्या गॅलरीत उभ्या बाईची फारशी झाली नाही. वास्तविक ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे.

नकाशाची परीक्षा केवळ अचूकतेवर करू नये, असे आमचे म्हणणे आहे. काय टिपले, किती उंचीवरून, किती काळ ठेवले आणि नकार कळवण्याचा भार कोणावर टाकला, हे चार प्रश्नही विचारावेत. शाळेच्या परिसराचा नकाशा मुलांकडून करून घ्याल, तेव्हा प्रत्येक खुणेपुढे एक जादा रकाना आखावा: 'ज्याचे घर, त्याला विचारले का?' किती रकाने रिकामे राहतात ते वर्गात मोजून पाहावे, आणि ती घरे नकाशावर ठेवावीत की नाही याचा निर्णय मुलांनाच घेऊ द्यावा.