दासबोधातील कर्मेंद्रियविचार आणि प्रेरक चेतापेशींचा निवडक ऱ्हास : एक चिकित्सा

महाड तालुक्यातील शिवथर येथील घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची धारणा आहे. ही घळ १९३० मध्ये शंकर श्रीकृष्ण देव यांनी प्रकाशात आणली. २० दशक व २०० समासांच्या या ग्रंथातील तत्त्वनिरूपणात श्रोत्र, त्वचा, चक्षू, जिव्हा व घ्राण ही पाच ज्ञानेंद्रिये, तर वाचा, पाणी, पाद, जननेंद्रिय व गुद ही पाच कर्मेंद्रिये सांगितली आहेत. मांडणी मूळची सांख्यांची आहे. समर्थांनी ती लोकभाषेत आणली.

ज्ञानेंद्रिये म्हणजे संवेदी चेता आणि कर्मेंद्रिये म्हणजे प्रेरक चेता, असे समीकरण मांडून ग्रंथात आधुनिक शरीरविज्ञान शोधण्याचा मोह अनेकदा दिसून येतो. मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने परिचित असलेल्या विकाराच्या कसोटीवर हे समीकरण घासून पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथमदर्शनी ते टिकते. या विकारात हालचाल घडविणाऱ्या पेशी नष्ट होतात. दृष्टी, श्रवण व स्पर्श बहुधा शाबूत राहतात. मेंदूच्या बाह्यकातील ऊर्ध्व प्रेरक पेशी झिजल्या की स्नायू ताठरतात व प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होतात. मस्तिष्कस्तंभ व मज्जारज्जूतील अधर प्रेरक पेशी मेल्या की स्नायू वाळतात आणि त्वचेखाली बारीक स्फुरण दिसते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७४ मध्ये ज्यास नाव दिले, त्या प्रकारात ही दोन्ही लक्षणे एकत्र आढळतात. वाचा, पाणी आणि पाद ही तीन कर्मेंद्रिये अशा रीतीने क्रमाक्रमाने हरपतात.

उरलेल्या दोहोंपाशी मात्र समीकरण अडखळते. गुद व जननेंद्रियांशी संबंधित ऐच्छिक स्नायूंना प्रेरणा देणारा ओनुफ यांच्या नावाने ओळखला जाणारा पेशीसमूह मज्जारज्जूच्या त्रिक भागात असतो. या पेशीही प्रेरकच. तरीही त्या दीर्घकाळ तग धरतात. चक्षू हे ज्ञानेंद्रिय, परंतु नेत्रगोलक फिरविणाऱ्या पेशी प्रेरक आहेत आणि त्याही बहुतांशी वाचतात. म्हणूनच वाणी गेलेला रुग्ण नजरेने अक्षरे निवडून बोलू शकतो. जिव्हेची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. चव कळत राहते, पण जीभ वाळते, सुरकुतते, थरथरते. एकाच इंद्रियातील एक कार्य टिकते, दुसरे लोपते.

भेद इंद्रियांचा नसून पेशींचा आहे, हे येथे ध्यानात येते. वेगाने आकुंचन पावून लवकर थकणाऱ्या स्नायूतंतूंना जोडलेल्या मोठ्या पेशी आधी बळी पडतात. मंद तंतूंशी जोडलेल्या अधिक टिकतात. नेत्रपेशींमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिने अधिक असतात, हे त्यांच्या चिवटपणाचे एक कारण मानले जाते. ते एकमेव नव्हे. बहुसंख्य रुग्णांच्या बाधित पेशींत टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकाबाहेर साठलेले आढळते, हे २००६ मध्ये उघड झाले. शिवाय मृत्यू केवळ पेशीच्या अंतर्गत दोषाने ओढवत नाही; भोवतालच्या आधारपेशीही त्यास हातभार लावतात. काही रुग्णांत विकार ललाटखंडापर्यंत पसरून वर्तन व विचारशक्ती बाधित होते. त्यामुळे 'देह खचला, बुद्धी मात्र अभंग' हे सरसकट विधानही तपासूनच करावे लागते.

यात समर्थांच्या विवेचनाचा उणेपणा नाही. त्यांचे प्रयोजन देहाची तत्त्वे मोजून साधकास देहापलीकडे नेण्याचे होते, रोगनिदानाचे नव्हे. आक्षेप आहे तो ग्रंथावर विज्ञान लादणाऱ्या वाचनावर. त्याची किंमत अखेरीस रुग्णास मोजावी लागते. वाचा हरपलेल्या माणसास आप्तेष्ट 'आता त्याला काही समजत नाही' असे गृहीत धरून त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलू लागतात. घळीत सांगणाऱ्यापाशी वाणी होती आणि शेजारी लिहिणारा हात होता. येथे वाणी व हात दोन्ही गेले आहेत, तरी सांगायचे बरेच काही शिल्लक असू शकते. त्यासाठी समोर बसणाऱ्याने प्रथम त्याच्या डोळ्यांकडे पाहावयास हवे.