बाकडी मोजण्याआधी: शकुंतलेच्या वाटेवरची एक चुकलेली चेकलिस्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. तुम्हीही ती करण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी बाभुळगावची. आम्हाला मोठी गाडी पकडायची तर धामणगावला जावं लागतं, आणि 'आपली' गाडी बघायची तर यवतमाळला. आपली म्हणजे शकुंतला: यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, नॅरोगेज, दोन रुळांत जेमतेम ७६२ मिलिमीटर. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळातली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन हिच्यापुढे १९९४ पर्यंत होतं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे. त्यामुळे 'इथे रेल-ट्रेल करा' अशी कल्पना सुचणं साहजिकच. रेल-ट्रेल म्हणजे गाडी थांबलेल्या लोहमार्गाच्या जागेवर केलेली पायवाट किंवा सायकलवाट. अमेरिकेत मिसुरी राज्यातली केटी ट्रेल अशीच आहे, सुमारे ३८५ किलोमीटरची.

मी काय केलं? अशा परदेशी वाटांच्या सुविधांची यादी घेतली. बाक, शौचालय, पाणी, पार्किंग, सायकल स्टँड, माहितीफलक. असेल तर एक, नसेल तर शून्य. बेरीज केली की त्या स्टेशनचा 'सुविधा निर्देशांक' तयार. दोन जणांनी वेगवेगळा फॉर्म भरला तरी आकडे जुळत होते, आणि मी खूश.

इथेच थांबा. आकडे जुळले म्हणजे विश्वसनीयता मिळाली. वैधता मिळाली का? म्हणजे आपण जे मोजतोय म्हणतो, तेच मोजतोय का? माझ्या फॉर्ममध्ये कुलूप लावलेल्या शौचालयाला एक गुण होता. पिण्याच्या पाण्याला एक आणि सायकल स्टँडलाही एकच. भर उन्हातल्या लोखंडी बाकालाही एक! यवतमाळचा मे महिना ज्यांनी अंगावर काढलाय, त्यांना त्या बाकावर बसण्याबद्दल वेगळं सांगायला नको. साध्या बेरजेत आपण न बोलता ठरवून टाकतो की सगळ्या गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या. तो निर्णय असतो, पण पेपरात निर्णय म्हणून लिहिलेला नसतो.

जमिनीचंही तेच. केटी ट्रेलवर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, चपलेला किलोभर चिकटते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. रुळांखालची खडी राहू दिली तर पाय मुरगळतो, काढली तर चिखल. शिवाय वापरात नसलेल्या जागेवर वेडी बाभूळ माजते, आणि तिचा काटा सायकलच्या ट्यूबला सोडत नाही. (गावाच्या नावातच बाभूळ असून हे मला यादी करताना सुचू नये!) माझ्या यादीत 'पृष्ठभाग' हा रकाना नव्हता, कारण जिथून यादी आणली तिथे तो प्रश्न सुटलेला होता.

खरं तर सुविधांचा एक नकाशा आधीच असतो. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून अशा मार्गांवर ठरावीक अंतराने पाण्याची सोय करावी लागे. इंजिन जिथे पाणी प्यायचं तिथे माणसालाही मिळेल का, हा प्रश्न माझ्या सगळ्या फॉर्मपेक्षा बरा होता. त्यातून 'आहे की नाही'ऐवजी 'एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत, एका सावलीपासून दुसऱ्या सावलीपर्यंत किती चालावं लागतं' हे मोजता येतं.

पण मोठी चूक याच्याही आधीची, आणि ती एका आजोबांनी दाखवली. फॉर्म घेऊन हिंडताना मी त्यांना विचारलं, इथे बसायला बाकडी हवीत का? ते म्हणाले, "बाकडं कायले पायजे व? गाडी येत असन तं आमी खाली बी बसू."

माझ्या फॉर्ममध्ये 'पर्यटक' म्हणजे बाहेरून येणारा. रुळांच्या कडेने बकऱ्या नेणारा, शेतात जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं यांच्यासाठी रकानाच नव्हता. आणि गाडी परत यावी असं म्हणणाऱ्यासाठी तर नव्हताच. इथे लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे. शेजारी वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ मध्ये सुरू झाल्यावर ती आशा वेडेपणाची म्हणता येत नाही. अशा ठिकाणी मी सुविधा मोजत फिरते, म्हणजे गाडी मेली हे गृहीत धरून फिरते.

गंमत म्हणजे उत्तर मी ज्या देशातून यादी उचलली तिथेच होतं. अमेरिकेत १९८३ च्या कायदा-दुरुस्तीनुसार बंद मार्गाची जागा वाट म्हणून वापरता येते, पण पुढे रेल्वे परत आणण्याचा हक्क राखून ठेवला जातो. केटी ट्रेल अशाच तरतुदीखाली झाली. मी बाकांची यादी उचलली आणि ही अट तिथेच सोडून आले. आपल्याकडच्या चर्चेतही बाक येतात, अट येत नाही.

आता माझा फॉर्म एका पानाचा आहे. पहिला प्रश्न: तुम्ही या वाटेने कशासाठी जाता? दुसरा: इथे गाडी हवी, वाट हवी, की दोन्ही? बाकडी शेवटच्या ओळीत आहेत. दुपारी बारा ते चारच्या सावलीचं मोजमाप अजून बाकी आहे. ते मेमध्येच करावं लागेल, डिसेंबरमध्ये केलं तर पुन्हा सगळ्यालाच एक गुण मिळेल.